स्कूटर सोडून सगळं

आमच्या सिंधी वस्तीतल्या, कॅम्प एकमधल्या त्या कापड दुकानदाराइतका अदबशीर माणूस मी पाहिलेला नाही. सकाळी दुकान उघडलं की तो आपली स्कूटर फुटपाथवर आडवी लावतो, तिला उदबत्ती ओवाळतो आणि मग तिच्यामुळे रस्त्यावर उतरावं लागणाऱ्यांची दिवसभर काळजी वाहतो. म्हातारं माणूस दिसलं की गिऱ्हाईक सोडून धावत येतो, हात वर करून रिक्षा थांबवतो आणि "आराम से मावशी, आराम से" म्हणत स्कूटरला वळसा घालून पलीकडे पोचवतो.

"शेठ, स्कूटरच हलवा ना," मी एकदा वैतागून म्हटलं.

"साईं, मी हलवली तर दुसरा कोणी लावणार. वो मावशी का हाथ पकडेगा क्या?"

माझी आई तर त्याला देवमाणूस म्हणते.

काल तो टेम्पोने माल आणायला गेला होता. स्कूटर जागेवरच होती. मी पोचलो तेव्हा गुडघ्यांनी हैराण झालेली आई फुटपाथच्या कडेला हात पुढे करून उभी होती.

"येईल आता," ती मला म्हणाली.