तवनाप्पांची फियाट

तवनाप्पा मगदूम माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे, आणि भिंतीला लागून त्यांची पत्र्याची शेड. मी पलूसला लग्न होऊन आले तेव्हा ते साखर कारखान्यात नुकतेच फिटर म्हणून लागले होते. पुढे सुट्टीच्या दिवशी लोकांच्या जीपमधली पेट्रोल इंजिनं काढून डिझेलची बसवून द्यायचे. त्या काळी बागायतदारांत ती टूमच निघाली होती. टूम गेली, लोकांनी नव्या गाड्या घेतल्या, तवनाप्पा निवृत्त झाले. नाद मात्र राहिला. गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःसाठीच एक जुनी फियाट आणली आणि तिच्यावर हात चालवायला घेतला.

त्या फियाटमध्ये त्यांनी सुरुवातीला डिझेल इंजिन बसवलं होतं. ते उत्तम चालत होतं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण आता कोणाला ते आठवत नाही. मी स्वतः त्या गाडीतून औदुंबरला जाऊन आले आहे. परत येताना त्यांची बायको गुणमालाअक्का एवढंच म्हणाल्या, "गाडी ब्येस हाय, पण आतमधी बोलल्यालं काय ऐकू येत न्हाई. गिरणीत बसल्यागत वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी छताच्या लोखंडी तुळईला साखळीची कप्पी लागली होती आणि इंजिन अधांतरी लोंबत होतं.

"अण्णा, अहो चालती गाडी कशाला खोललीत?" मी भिंतीवरून विचारलं.

"बाई, आवाज येतोय. अक्का म्हणाली न्हवं?"

त्यांचं असंच होतं. चालू असलेली वस्तू त्यांना पुरी झाली असं वाटायचंच नाही. मी शिकवत असताना माझ्या वर्गात अशी एक-दोन मुलं असायची. पेपर लिहून झाला तरी घंटा होईपर्यंत खोडरबर सोडायची नाहीत आणि शेवटी बरोबर आलेलं उत्तर पुसून ठेवायची.

डिझेलच्या जागी जिप्सी जीपचं पेट्रोल इंजिन घालायचं ठरलं. ते आणलं आकाराम सूर्यवंशींनी. आकाराम कऱ्हाडकडचे, फौजेत ड्रायव्हर होते, आता पलूसला जावयाजवळ राहतात. लष्कराच्या लिलावात निघालेली एक जिप्सी त्यांच्या ओळखीच्या माणसाने घेतली होती, तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स टेम्पोतून आलं. ते उतरवताना आकाराम म्हणाले, "अण्णा, ह्या इंजिननं लडाख बघितलाय. तुमच्या पलूसला त्याला करमंल का?"

"करमवून घेतो," तवनाप्पा म्हणाले. "दिवाळीला गाडी रस्त्यावर."

ती दिवाळी गेली आणि पुढचीही गेली.

आता नियमाचं सांगायला हवं. आमच्याकडच्या जैन घरांत चातुर्मासात महाराजांसमोर नियम घेण्याची रीत आहे. कोणी गोड सोडतं, कोणी एक वेळ जेवतं. नियम घेताना मुदत सांगायची, आणि एकदा महाराजांनी हात वर केला की तो पाळायचा. कोविडच्या आधीच्या चातुर्मासात गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, एका मुनिमहाराजांचा मुक्काम होता. प्रवचन झाल्यावर बायका एकेक करून उठत होत्या. मीही मागे बसले होते. गुणमालाअक्का उठल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "महाराज, आमच्या मालकांची गाडी होऊन रस्त्यावर येईपतुर मी कुठल्याच वाहनात बसायची न्हाई."

बायका फिदीफिदी हसल्या. तवनाप्पा पुरुषांच्या बाजूला खाली मान घालून बसले होते. महाराज हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गाडी झाली हे कोणी ठरवायचं?"

"मालकांनीच. करणारं त्येच हायत."

महाराजांनी हात वर केला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, हे काय केलंत?"

"आवं बाई, बोलून बोलून जीभ झिजली. आता मला चालत हिंडताना बघून तरी लाजंनं करत्याल. चार म्हैन्यांचं काम हाय."

मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले. व्रत घेतलेल्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यांनी ते आयुष्यभरासाठी घेतलेलं असे आणि त्यात थट्टा नसे. मला त्या दिवशी बरं वाटलं नाही. पण मी बोलले नाही, कारण तवनाप्पा त्याच संध्याकाळी शेडमध्ये दिवा लावून बसले होते आणि अक्का खुशीत होत्या.

पहिली दोन वर्षं नियम कोणाला जाणवलाच नाही. कोविडमध्ये सगळेच घरी होते. लस घ्यायला अक्का चालत गेल्या. मग जग पुन्हा सुरू झालं आणि अक्का तिथेच राहिल्या. त्यांची मुलगी सुंदरी मलकापूरला दिलेली. तिने घर बांधलं, वास्तुशांत झाली, अक्का गेल्या नाहीत. माहेरगावी सख्खा भाऊ वारला तेव्हा त्या पहाटे चालत निघाल्या आणि पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर पायांना तेल लावत त्या मला म्हणाल्या, "त्यांला बोलू नका बाई. हात थरथरतो मग, आणि अजून येळ लागतो."

कामही अवघडच होतं. जिप्सीचं इंजिन फियाटच्या पोटात मावत होतं, पण ज्या रबरी पायांवर इंजिन बसतं त्यांची जागा जुळत नव्हती. ती जुळली तर गिअरचा दांडा सीटखाली यायचा. मग पत्रा कापला. शेवटी उरला शाफ्ट, म्हणजे इंजिनचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा. तो कुपवाडच्या लेथवर नवीन करून आणावा लागला, आणि तो कधीच सरळ बसला नाही. गाडी सुरू व्हायची, गल्लीत फिरायची, पण चाळीसच्या पुढे गेली की हिव भरल्यासारखी हादरायची.

मागच्या पावसाळ्यात अक्कांचं जेवण कमी झालं. डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, रक्त नेलं, आणि म्हणाले, मिरजेला नेऊन पोटाचा फोटो काढा, उशीर करू नका.

सुंदरी मलकापूरहून धावत आली. तिने दारात रिक्षा उभी केली. अक्का उंबऱ्याच्या आत बसून राहिल्या.

"आई, उठ. नाटकं पुरं झाली."

"नियम हाय."

"नियम सोडता येतो. बस्तीतले उपाध्ये म्हणालेत, प्रायश्चित्त घेऊन सोडता येतो."

"मी उपाध्यांसमोर घेतला न्हवता. ज्यांच्यासमोर घेतला त्यांची समाधी झाली. आता कुणाला इचारू?"

आकाराम तिथेच होते. ते म्हणाले, "अक्का, तसं असंल तर बाजंवर घालून खांद्यावर न्येतो की मिरजंला. चार फौजी गोळा करतो."

"खांद्यावर न्हेणारच हाय की एक दिवस," अक्का म्हणाल्या. "दोनदा कशाला तरास?"

रिक्षावाला हसला आणि मग रिक्षात जाऊन बसला. सुंदरी माजघरात जाऊन रडली.

त्याच दुपारी आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. तवनाप्पांनी गाडी बाहेर काढली, स्टेशनच्या रस्त्याने एक फेरी मारून आणली. बाहेरून बघणाऱ्याला ती चांगली चाललेली दिसत होती. आवाज तर इतका हलका, की शेजारच्या झाडावरची साळुंकी उडाली नाही.

"झाली की हो अण्णा," मी म्हटलं.

"न्हाई झाली. चाळीसच्या पुढं हादरते."

सुंदरीने हात जोडले. "अण्णा, आईला काय शर्यत लावायची हाय? तीसनं चला. ईसनं चला. तुमी फकस्त झाली म्हणा. तुमच्या तोंडातनं एक शब्द निघाला की ती बसती."

तवनाप्पा बोनेटवर हात ठेवून उभे होते. "खोटं कसं बोलू गं? तिनं नियम माझ्या शब्दावर बांधलाय. मी खोटं बोललो तर मोडणार तिचा, माझा न्हाई. लेथवाला मंगळवारी बोलावतोय. ह्या बारीला बरोबर बसंल."

आकारामांनी त्यांचा खांदा धरला. "अण्णा, फौजेत आमची निम्मी गाडी तारंनं बांधलेली असायची. तरी डोंगर चढायची. फिट म्हटलं की फिट."

"ती फौजंची. ही माझी."

त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. सुंदरी तसंच म्हणाली, आणि त्याहून वाईटही म्हणाली. मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते घाबरले होते. आत अक्का पिवळ्या पडत चालल्या होत्या, आणि त्यांना स्वतःच्या हाताने करता येण्यासारखी एकच गोष्ट तो शाफ्ट होता. तो सरळ बसला की बाकी सगळं सरळ होईल, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. मी त्यांना समजावलं. इंग्रजी शाळेतली बाई म्हणून ते माझा मान ठेवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मंगळवारी शाफ्ट काढून कुपवाडला गेले.

तो मंगळवार आणि पुढचे कितीतरी मंगळवार तसेच गेले. गणपती गेले, दसरा गेला. शाफ्ट जायचा, यायचा, गाडी हादरायची. अक्का ताक आणि पेजेवर आल्या. एका सकाळी त्यांना काळी उलटी झाली. मी भिंत ओलांडण्याऐवजी रस्त्याने धावत गेले, तेव्हा तवनाप्पा त्यांच्या उशाशी बसले होते. हाताला ग्रीस तसंच होतं.

"गाडी झाली," ते म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. "झाली?"

"व्हय. काल रातीच झाली."

"मग लुगडं काढून द्या," अक्का मला म्हणाल्या. "हिरवं नगं. त्ये पवळ्याच्या रंगाचं द्या."

त्या मागे बसल्या, मी त्यांना धरून. तवनाप्पा चालवत होते, आकाराम पुढे. इतक्या वर्षांनी गावाबाहेर पडताना अक्का काचेला नाक लावून बघत होत्या. नवीन झालेलं हॉटेल, रुंद केलेला रस्ता, सगळं मला विचारत होत्या. गाडीत बोललेलं स्पष्ट ऐकू येत होतं. काटा तिसाच्या आसपास होता. मागून एसटी, टेम्पो, दुधाच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जात होत्या. नांद्र्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी आली. ती रस्ता देईना. तवनाप्पांनी वेग वाढवला, आणि गाडी हादरली. खालून ठोके बसू लागले, काचा थरथरल्या, अक्कांचे दात एकमेकांवर आपटले. ट्रॉली मागे पडताच तवनाप्पांनी पेडलवरचा पाय काढला.

अक्कांनी माझा हात घट्ट धरला होता. पुढे मिरज येईपर्यंत त्यांनी मला काही विचारलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला. पित्ताच्या नळीपाशी गाठ होती आणि ती पसरली होती. तवनाप्पांनी विचारलं, "पावसाळ्यात आणलं असतं तर?" डॉक्टर तरुण होते. त्यांनी चष्मा काढला. "तेव्हा बघता आलं असतं," एवढंच म्हणाले. काही दिवस ठेवून घेतलं, नळी मोकळी करण्याचा प्रयत्न केला, मग घरी न्या म्हणाले. आडवं करूनच न्यायला हवं होतं, म्हणून अँब्युलन्स केली. मी अक्कांबरोबर आत बसले. आकारामही आत आले. तवनाप्पांना फियाट आणणं भाग होतं. ते मागे निघाले.

सांगलीतून बाहेर पडेपर्यंत ती मागच्या काचेतून दिसत होती. मग मोकळा रस्ता लागला आणि अँब्युलन्सने वेग घेतला. फियाट मागे पडत गेली.

"येत्यात न्हवं मागं?" अक्कांनी विचारलं. त्यांना उठता येत नव्हतं.

"येतायत," मी म्हटलं. तेव्हा काचेत नुसता रस्ता होता.

अक्कांना खोलीत निजवलं, सुंदरीने चूल पेटवली, शेजारपाजार येऊन गेला, तेव्हा कुठे तवनाप्पा आले. दारातच उभे राहिले.

"वाटंत बंद पडली?" अक्कांनी विचारलं.

"न्हाई. सावकाश आणली." मग आत आले आणि म्हणाले, "झाली न्हवती, गुणमाला. जातानाबी झाली न्हवती."

"ट्रॉलीपाशीच कळलं मला."

"मग उतरली का न्हाईस?"

"तुमी पयल्यांदाच झाली म्हणाला हुता," अक्का म्हणाल्या. "आता उपाध्यांना बलवा. नियम मोडलाय, प्रायश्चित्त घ्याला पायजे."

उपाध्ये दिवेलागणीच्या आत आले. एरवी उपवास सांगतात. अक्कांच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं, तेव्हा उपवास सांगण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी जप सांगितला. अक्कांचे ओठ थोडे हलले आणि थांबले. तवनाप्पा म्हणाले, मी करतो तिच्या वाटचा. उपाध्ये म्हणाले, "तसं चालत न्हाई, अण्णा. ज्याचं त्यानंच करायचं असतं."

तरी ते भिंतीला टेकून बसले आणि जप करू लागले. अक्का चौथ्या दिवशी गेल्या. तोवर ते तिथून जेवायलाही उठले नव्हते.