अन्वरचं नाक

अन्वरच्या मुलीचा, सनाचा फोन आला तेव्हा मी पेट्रोल पंपावर रांगेत होतो. ‘मोबाइल बंद ठेवा’ या पाटीखालीच तो उचलला. “काका, अब्बा गेले,” एवढंच ती म्हणाली... दुपारी जेवून अन्वर जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी गाडी पुढे घेतली, टाकी भरली, पैसे दिले आणि मग लक्षात आलं, की उद्या सकाळी आता कुठे जायचं नाही. आमचा नियमच होता, पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरायचं. सकाळी भरलं तर हाताला, बुटांना वास लागतो आणि तो मातीच्या नमुन्यात उतरतो. “माती खोटं बोलत नाही, आपण तिला बोलायला लावतो,” असं अन्वर म्हणायचा.

आम्ही कॉलेजपासूनचे. दोघंही भूगर्भशास्त्राचे, आणि दोघांनाही नोकरी मानवली नाही. धंदा काढला तो असा, की लग्नकार्यात कुणाला समजावून सांगायची सोय नाही. जुना पेट्रोल पंप बंद होतो, जमिनीखालच्या टाक्या उपसून नेतात, आणि तिथे इमारत उठायच्या आधी आम्ही जाऊन माती तपासायची. टाकी झिरपत असेल तर तेल किती खोल गेलं, कुठल्या अंगाला सरकलं, ते बघायचं. यंत्राने भोक पाडायचं, वर आलेली माती बरणीत भरायची, झाकणाखाली कोंडलेली वाफ हातातल्या छोट्या यंत्राने मोजायची, आणि मग बरण्या प्रयोगशाळेत. पण खरी गंमत त्याआधीच व्हायची. मातीला नाक लावू नये असं पुस्तकात लिहिलंय, पण माती वर आली की वास यायचाच, आणि अन्वर लांबूनच सांगायचा, “डिझेल. जुनं आहे.” नाक घरातूनच आलेलं. त्याच्या अब्बांचं बुधवार पेठेत अत्तराचं दुकान.

एका ईदला आम्हाला विश्रांतवाडीला काम करावं लागलं, कारण भोकं पाडायचं यंत्र त्याच दिवशी मिळत होतं. नमाज पढून, नवा कुर्ता बदलून अन्वर धावतपळत आला. आणि बघतो तर काय, प्रत्येक बरणीवर आकडा चढलेला! अगदी कोपऱ्यातल्या, टाकीपासून लांबच्या मातीवरसुद्धा. प्लॉटचे मालक मटकन खाली बसले. मग माझ्या लक्षात आलं, बरणी माझ्या हातात असली की यंत्र गप्प, त्याच्या हातात गेली की ओरडतंय. अब्बांनी सकाळी त्याच्या मनगटांना हिनाचं अत्तर लावलं होतं. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो, पण अन्वरने अत्तर सोडलं ते कायमचं. कपड्यांत मुरतं म्हणून सुट्टीच्या दिवशीही नाही. अब्बा दुकानात येईल त्याला सांगायचे, “अत्तरवाल्याचा मुलगा, आणि रॉकेलच्या वासापायी अत्तर सोडलंय. घ्या!”

साथीच्या वर्षात माझा वास गेला, तो परत आलाच नाही. हे फक्त अन्वरला सांगितलं. या धंद्यात नाक गेलेला माणूस म्हणजे सूर गेलेला गवई. तो म्हणाला, “विन्या, दोघांत एक नाक पुरतं.” आणि पुरवलंही त्याने. साइटवर तर झालंच, पण दर रविवारी माझ्या घरी यायचा, गॅसपाशी उभा राहून हुंगायचा, फ्रिज उघडायचा आणि काहीबाही फेकून द्यायचा. “हे वरण आहे होय? मला वाटलं, नमुना ठेवलाय.” मी एकटा राहतो. दूध नासलंय हे सांगायला घरात दुसरं कुणी नाही.

दफनाच्या दिवशी त्याला बघितलं. त्याचा धाकटा भाऊ हळूच म्हणाला, “अब्बांच्या हातचा हिना ठेवला होता थोडा. तोच लावला.” मी वाकलो, छाती भरून श्वास घेतला... काही नाही. पांढरं कापड आणि त्याचा चेहरा, बस. आजूबाजूच्या सगळ्यांना तो वास येत होता. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून उभा राहिलो मी, आणि हा माणूस अत्तर लावतो कधी, तर मला येणार नाही तेव्हा. मला रडू नाही आलं, राग आला. अजून आहे.

हडपसरच्या साइटवर एक भोक राहिलं होतं, कुंपणालगतचं. पलीकडे वस्ती, आणि तिच्या बोअरचं पाणी लोक पीत होते. थोड्या दिवसांनी ते काम मी एकट्याने केलं. माती वर आली आणि सवयीने मी उजवीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. मला ती नुसती ओली काळी माती. आकडा मात्र सरसर चढला, पुढे प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं. बोअर बंद झाली, आता तिथे टँकर येतो. अन्वरने ते कुंपणाबाहेरूनच सांगितलं असतं.

परवा सना ती हिनाची कुपी देऊन गेली. तळाशी थेंबभर उरलाय. “काका, तुमच्याकडेच राहू दे,” म्हणाली. मी आजारात वास गेल्याचं तिला कधी सांगितलं नाही, आताही नाही. रविवारी कुपी उघडून नाकाशी धरली, पुन्हा पुन्हा. शून्य. फ्रिजमधलं दूध तारीख बघून ओतून दिलं. मग टेबलावरचं ते छोटं यंत्र सुरू केलं, बोटाने तो थेंब मनगटाला लावला आणि मनगट यंत्राजवळ नेलं.

आकडा चढायला लागला. त्या ईदला चढला होता, तसाच. मी हात तिथेच धरून बसलो.