माझ्या जागेवरचं ऊन

पोलादपूरहून उमरठकडे जाताना मोठा रस्ता सोडून डोंगराला लागलं की आधी बौद्धवाडी येते, मग आमची वाडी, आणि दोन्हींच्या डोक्यावर एक कातळ आहे, उपड्या परातीसारखा. त्यावर गवतसुद्धा पावसापुरतंच राहतं. आमच्या पुरुषांना विचाराल तर सांगतील, पडीक हाय. बायकांना विचाराल तर म्हणतील, माझी जागा कुठली ते दाखवते, चला.

कारण वैशाखात तो कातळ काठोकाठ भरलेला असतो. आमसुलं करायला घातलेली रातांब्याची सालं, फणसाची साठं, तांदळाचे पापड, कुरडया, मिरच्या. महाडच्या बाजारातून आणलेली ओली मासळी जरा लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. प्रत्येक घराची जागा ठरलेली. दगड रोवलेला नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही. सासू सुनेला वर नेऊन दाखवते, झालं.

मी तुडीलची. आमच्या माहेरी नदीकाठ, अंगणं ऐसपैस, वाळवण दारातच. मला काय ठाऊक असणार? लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सालांची पाटी घेऊन वर गेले, दिसली मोकळी जागा तिथं पसरली आणि गाणं म्हणत खाली आले. स्वतःला फार चुणचुणीत समजत होते मी तेव्हा. संध्याकाळी गोळा करायला गेले, तर माझी सालं एका कडेला ढिगात आणि सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"गो पोरी, दुसरीच्या चुलीवर भात शिजत ठेवशील काय?"

"नाय."

"मग दुसरीच्या उन्हात सालं कशाला घातलीस?"

मग त्यांनी मला आमची जागा दाखवली. कातळाच्या अगदी माथ्यावर. ऊन तिथं सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात शेवटी जातं. वर्षानुवर्षं रातांब्यांचा रस सांडून दगडाला तांबडा-काळा डाग पडला होता. "हा डाग माझ्या सासूचा आणि माझा," त्या म्हणाल्या. "आता तुझा." मला गाव इनाम मिळाल्यासारखं झालं. त्या दिवसापासून पाणवठ्यावर माझी मान जरा जास्तच ताठ.

पुढे धाकटी जाऊ आली. तिला माझ्या शेजारची जागा मिळाली. दोघींच्या मधे कातळाला एक भेग. आता ती भेग माझ्यात मोडते की तिच्यात, यावरून आम्ही इतकी वर्षं भांडलो की माझी पोरं लग्नाला आली, तिची पोरं लग्नाला आली, भेग काही कोणाकडे आली नाही. भेगेत होतं काय? मुंग्या.

अशातच सोलर आलं.

आमची विहीर खाली ओहोळाच्या काठाला. तिथून हंडा डोक्यावर घेऊन वर चढायचं, तेही उन्हाळ्यात. महाडहून एका संस्थेची माणसं आली आणि म्हणाली, विहिरीवर पंप बसवू, तो सूर्यावर चालेल, वर टाकी बांधू, दोन्ही वाड्यांत नळ देऊ. पंपाला वीज देणाऱ्या सोलरच्या काचा बसवायला उघडी, उन्हाची, सपाट जागा पाहिजे. ही पाहणी झाली दिवाळीत. देवळात बैठक भरली. मुंबईहून सुट्टीला आलेले माझे दीर छाती फुगवून म्हणाले, "वरती एकदम ओपन प्लॉट हाय. फुल सनलाईट." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दिवाळीत कातळावर एक मिरचीसुद्धा नसते, त्यात त्यांची तरी काय चूक?

मला कळलं ते रात्रीच्या जेवणाला.

"कातळ दिला सोलरला," आमचे हे म्हणाले.

"दिला? कोणाचा दिला?"

"अगो, मोकळाच तर हाय. काय उगवतं तिथं?"

"तुम्ही आत्ता आमटी भुरकताय ना, त्यातलं आमसूल तिथंच उगवतं."

त्यांनी वाटीत बघितलं. आमटी मात्र परत मागितली.

उन्हाळा आला, सालं निघाली, आणि एका सकाळी वर जाऊन बघते तो कातळावर चुन्याच्या रेघा. एक रेघ सरळ माझ्या डागावरून गेलेली. मी पाटी खाली ठेवली आणि त्या रेघेवर मांडी घालून बसले. छत्री उघडली. आता मला त्या बाईचं हसू येतं. खालून हंडे वाहून जिच्या गुडघ्यांचा भुगा झालाय, ती नळ आणणाऱ्या कामाच्या आडवी बसली आहे आणि वर तोरा असा, की जशी गडच लढवते आहे.

दुपार व्हायच्या आत संस्थेची मॅडम धापा टाकत वर आली. पोरसवदा, डोक्याला टोपी, चेहरा रातांब्यासारखा लाल.

"आजी, जरा बोलायचं होतं."

"आजी कोणाला म्हणतेस गो? माझ्या पोराच्या लग्नाची हळद अजून निघाली नाय."

"बरं, काकी. का बसलाय?"

"तुमच्या काचा ऊन पिणार. सगळं ऊन त्यांनी प्यायलं तर आमच्या सालांना काय उरणार?"

हे मी मोठ्या आवाजात, चार बायकांना ऐकू जाईल असं बोलले. भेगेच्या पलीकडे जाऊ मिरच्या पसरत होती, ती पदरात तोंड घालून हसली. मॅडम मात्र हसली नाही. ती माझ्याशेजारी तापलेल्या दगडावर टेकली, लगेच उठली, आणि माझ्या छत्रीत येऊन उकिडवी बसली.

"काकी, आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं. बैठकीत तुम्ही का नाही सांगितलंत?"

"बैठक देवळात. ती पण पाणी भरायच्या वेळेला. आम्ही कुठनं येणार?"

तिने टोपी काढून वारा घेतला. मग म्हणाली, "चुकलंच आमचं. पण काकी, पाऊस लागायच्या आत पाया भरला नाही, तर हे काम दुसऱ्या गावाला जाईल. मग मला परत आणता यायचं नाही." थोडा विचार करून म्हणाली, "उद्याची बैठक इथंच घेऊ. तुम्ही वाळवण घालायला येता त्या वेळेला."

दुसऱ्या दिवशी कातळावर बैठक भरली. देवळातल्या सवयीने सगळ्या पुरुषांनी कडेला चपला काढल्या आणि आत आले. आम्ही बायका काही बोललो नाही. जरा वेळाने सरपंचांनी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळी बैठक नाचायला लागली. चपला घालून परत येईपर्यंत आमचं हसू थांबेना.

मॅडमने सांगितलं, प्रत्येकीने आपापल्या जागेवर जाऊन बसावं. आम्ही बसलो. कातळ भरून गेला. आमचे हे डोक्यावर टॉवेल धरून बघत राहिले आणि म्हणाले, "आयला, वाडी खाली नाय, वरच हाय की!"

बौद्धवाडीतल्या बाया खालच्या कडेला बसल्या होत्या, जिथं कातळ उतरता होतो आणि ऊन लवकर निघून जातं. त्यांच्यातल्या अंगणवाडीच्या बाई उभ्या राहिल्या. शांत बाई, पण शब्द पक्के.

"ही जागा आम्हाला कोणी दाखवून दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या जागा झाल्यावर जी उरली, ती आमची. पाण्याचं तसं व्हायला नको. टाकीचं पाणी दोन्ही वाड्यांना एकाच वेळी सुटलं पाहिजे. आणि कातळावरच्या जागा पुन्हा ठरणार असतील, तर त्यात आम्हालाही माथ्याकडे यायचंय."

सकाळपासून माझी जागा, माझी जागा करणारी मी नखाने दगड खरवडत बसले. मग सरपंच म्हणाले, "बरोबर हाय." मॅडमने ते तिथल्या तिथं सगळ्यांकडून मोठ्याने कबूल करून घेतलं.

आता राहिला सावलीचा प्रश्न. मी म्हटलं, काचा उभ्या राहिल्या की सगळीकडे सावलीच सावली. मॅडम म्हणाली, "बघूया की. कोणाकडे बांबूच्या तट्ट्या आहेत?" तट्ट्या कोणाकडे नाहीत? आल्या. खाली दगड लावून त्या काचांसारख्या तिरप्या उभ्या केल्या, ओळीत, मधे जागा सोडून. आणि सगळं गाव सावली बघत बसलं. असली बैठक मी आयुष्यात पाहिली नाही. कोणी कांदा-भाकर सोडली, कोणी डुलक्या काढल्या. सकाळी सावली लांब होती तेव्हा मी सगळ्यांकडे बघून भुवया उडवत होते. जसजसं ऊन डोक्यावर आलं तसतशी ती आक्रसत गेली आणि भर दुपारी तट्टीखाली कोंबडी दडावी तशी दडून बसली. ओळींच्या मधली जागा सगळी उन्हात. माझ्या भुवया खाली आल्या.

"थंडीत सूर्य कलतो, सावली लांब पडते," मॅडमने समजावलं. "म्हणून दोन ओळींत अंतर सोडावंच लागतं. उन्हाळ्यात त्या जागेचा आम्हाला काही उपयोग नाही."

"आम्हाला हाय," सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

ठरलं मग. ओळींच्या मधे वाळवण घालायचं, काचांना हात लावायचा नाही, काचांवरची धूळ बायकांनीच पुसायची. भोवती जाळीचं कुंपण येणार होतं, त्याची किल्ली बायकांकडे. कुंपण म्हटल्यावर माझे कान टवकारले. शेजारच्या बकरीने माझ्या किती साठांचा फडशा पाडला होता ते मलाच माहीत.

बाकीच्या जागा थोड्या इकडे-तिकडे सरकल्या. अंगणवाडीच्या बाईंच्या घराला माथ्याजवळची एक पट्टी मिळाली. पण पहिली ओळ येणार होती बरोब्बर माझ्या डागावर, कारण मॅडमच्या ऊन मोजायच्या यंत्राप्रमाणे सगळ्यात जास्त ऊन तिथंच. माझी एकटीची जागा पुरती जाणार होती. सगळी बैठक माझ्याकडे बघायला लागली.

जाऊ म्हणाली, "आक्का, इतकी वर्षं सांगतेस ना, सगळ्यात भारी ऊन तुझंच. बघ, त्यांच्या यंत्रानेपण तेच सांगितलं."

हशा पिकला. मीही हसले. पण तो डाग माझ्या सासूच्या सासूचा. मग खालच्या ओहोळाकडे नजर गेली. एक सून हंडा घेऊन चढत होती, मधे एका दगडाशी थांबून कमरेला हात लावत होती. सासूबाईसुद्धा त्याच दगडाशी थांबायच्या.

"घ्या," मी म्हटलं. "पण नीट बांधा. चांगली जागा हाय."

पावसाआधी पाया भरला. थंडीत काचा आल्या, टाकी आली, आणि एके दिवशी दोन्ही वाड्यांचे नळ एकदम फुरफुरले. मी हंडा नळाखाली धरला आणि भरून वाहायला लागला तरी तशीच उभी राहिले. जाऊ ओरडली, "आक्का, बंद कर गो! समुद्र करतेस काय?"

उन्हाळा आला तशी जाऊ म्हणाली, "आक्का, माझ्या जागेत घाल वाळवण. भेगेच्या अलीकडे ये."

इतकी वर्षं त्या भेगेवरून भांडले आणि आता पाटी घेऊन तिच्या दारात उभी राहू? मी म्हटलं, "माझी सोय मी करीन." आणि केली. एका सकाळी तांदळाचे पापड लाटून वर घेऊन गेले. सगळ्यात आधी ऊन आलं होतं पहिल्या ओळीवर. गुळगुळीत, तिरपी, धुतलेली काच, ना धूळ ना मुंगी. मी विचार केला, जागा माझी, म्हणजे तिच्यावर उभी राहिलेली काचही माझीच. ह्यांचं जुनं धोतर ओलं करून अख्ख्या ओळीवर ताणून पसरलं आणि त्यावर पापड मांडले. काय शोभा आली! उरलेल्या उकडीच्या लाट्या तेल लावून खात तिथंच बसले.

थोड्याच वेळात खालून आरडाओरडा ऐकू आला. मग आमचे हे, मग रिकामा हंडा घेऊन जाऊ, मागून बौद्धवाडीतल्या दोघी-तिघी. दोन्ही वाड्यांचं पाणी एकाच वेळी गेलं होतं. ठरल्याप्रमाणेच.

हे काचेसमोर थांबले. आधी पापड बघितले, मग खालचं कापड. "अगो, हे माझं धोतर!"

"पाण्याचं बोला, भावजी!" अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, आणि तोंडावर हात धरून वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

जाऊने धोतराची दोन टोकं धरली, मला डोळ्यांनीच बाकीची दोन धरायला सांगितलं, आणि पापडांसकट ते धोतर आम्ही उचललं. ती पुढे, मी मागे. भेग ओलांडून तिच्या जागेत गेलो. तिने आपल्या मिरच्या पायाने सरकवल्या आणि धोतर तिथं पसरलं. खाली पंप सुरू झाल्याची हाक आली.

"आता उन्हाळाभर काचा तूच पुसायच्यास," ती म्हणाली. मी अजूनही पुसते. नात वर येऊन विचारते, "आजी, काचेत काय बघतेस?" आता आजी म्हटलेलं चालतं मला.

त्या दिवशी पापड झक्क वाळले. तिन्हीसांजेला गोळा करताना मी म्हटलं, "तुझ्याकडचं ऊन काय वाईट नाय."

"भेग माझ्यात हाय म्हणून," जाऊ म्हणाली.

मला उत्तर द्यायचं होतं. पण तोंडात शेवटची लाटी होती.