दारू सोडाचं पुस्तक

गोल बाजारात जुनी पुस्तकं विकनारे काका कोनाचंच बोलनं पूरं होऊ देत नाहीत, आधीच "हव, हव" म्हनतात न् पुस्तक मांडीवर आपटून धूळ झटकतात. मी दारू सोडाचं पुस्तक मागाले गेली तवा कडेवर पोट्टी होती, न् काका सगळ्यायले ऐकू जाईन असं म्हनले, "हव, हव, नवऱ्यासाठी ना?"

"नाही काका. मीच पिते. पोट्टीले पाजतानाही तोंडाले वास येते."

लोकं वळून पाहाले लागले. मले वाटलं, पळावं. पन काकानं हातातलं पुस्तक ठेवून दुसरं काढलं. "ते बायकोनं नवऱ्याले समजवाचं आहे. तुले हे पाह्यजे." आपलं स्टूल मले देल्लं, पोट्टीले सोता घेतलं. "वाच. मोठ्यानं."

मी आठवी नापास, अडखळत वाचलं. काकानं एकदाही टोकलं नाही.

दिवाळी गेली, होळी गेली, मी थेंब नाही घेतला. काल तिथंच एक बाई तसंच पुस्तक हळूच मागून राहिली होती. काकाच्या आधी मीच म्हनली, "सोतासाठी पाह्यजे का, ताई? बस इथं, घाबरू नको. माझी सुटली."