सोनेरी बिट

कटिंग ऑईल जळल्याचा वास आला की मला उद्यमनगरातली ती दुपार आठवते. मी तिथल्या एका वर्कशॉपात लेथवर कामाला होतो आणि शेजारी आमचे मिस्त्री ड्रिल मशीनवर लोखंडी पट्टीला भोकं पाडत होते. ड्रिलचं बिट नवंकोरं, सोनेरी, समोरच्या दुकानातून स्वस्तात आणलेलं. ते काडकन तुटलं आणि तुकडा मिस्त्रींच्या गालात घुसला. त्यांनी मशीन बंद केलं, पकडीनं तुकडा उपसून काढला आणि तसंच रक्ताळलेल्या तोंडानं जाऊन दुकानदाराला कॉलर धरून फरफटत आणलं. तो ओरडत होता, “माल चांगला हाय, तुमालाच चालवाय येत न्हाय.” मिस्त्रींनी त्याच डबीतलं दुसरं बिट मशीनला आवळलं. “चांगला हाय न्हवं? मग पाड की भोक.” त्यानं हँडल ओढलं, पण बिट लोखंडाला टेकायच्या आधीच तोंड फिरवून डोळे गच्च मिटले. मिस्त्रींनी त्याच तोंडावर असा ठोसा हाणला, की त्याचे दात लोखंडाच्या चुऱ्यात पडले. आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे आणि स्वस्तातली बिटं मीही घेतो. फक्त पहिलं भोक विकणाऱ्यालाच पाडायला लावतो, आणि बिटाकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहतो.