माझा मण्यांचा माग

लग्न होऊन नागपुरात आले तेव्हापासून मी भासऱ्यांच्या मागासाठी कांड्या भरत होते. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. घर त्यांचं, माग त्यांचा. आम्हा विणकरांत मागावर पुरुष बसे. कांड्यांवर सूत गुंडाळायचं, ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ चढवायची, हे बायकांचं काम. लुगडं बाजारात गेलं की नाव भासऱ्यांचं होई. तो राग माझ्या पोटात अजून आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

इतवारीच्या बाजारात एका बाईच्या कमरेला मण्यांचा विणलेला पट्टा पाहिला. असला पट्टा विणायचा माग मांडीवर मावेल, असं मनात आलं. त्यावर बसायला कुणाला विचारायचं?

भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मी दाराआडून बोलायचं आणि जाऊबाईंनी ते पुढं सांगायचं, दोघं हाताच्या अंतरावर असलो तरी. मी म्हणाले, "जाऊबाई, त्याइले सांगा, म्या मण्याचा पट्टा विणून दाखवला तर मंग मी कांड्या भरणार नाही."

ओसरीवर शेजारचे विणकर बसले होते. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं भासरे म्हणाले, "तिले सांग, पट्टा मी दोन्ही हातानं ओढीन. टिकला तर कांड्या बंद. तुटला तर मागाचं नाव काढायचं नाही."

जाऊबाई मला सांगायला वळल्या, तर मी म्हटलं, "ऐकलं मी. बहिरी नाही."

संत्र्याच्या पेटीची फळी घेतली, दोन्ही टोकांना उभ्या पट्ट्या ठोकल्या. अडगळीतल्या मोडक्या फणीचे दोन तुकडे त्यांवर बांधले. ताण्याचे धागे एकमेकांपासून वेगळे राहावेत म्हणून मागावर विंचरणीसारखी फणी असते. पण लुगड्याची फणी दाट, दोन धाग्यांमध्ये मणी काही बसेना. मग एका घरात धागा ओवायचा, पुढची घरं रिकामी सोडायची, मणी ठेवून पाहायचा, असं करत अंतर जमवलं.

मणी इतवारीतून आणले. भाव पाडून पाडून दुकानदाराला रडकुंडीला आणलं, तेव्हा कुठं लडी पदरात बांधल्या. सूत घरचंच होतं. ताणा ताणला आणि हात आपोआप खळीच्या भांड्याकडं गेला. खळ न लावताही ताणा चढवता येतो, हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. सुईत ओवायच्या सुतालाही खळ लावली.

विणताना सुई ताण्याखालून मण्यांतून जाते, आणि ताण्यावरून त्याच मण्यांतून परत येते. जाताना गेली, येताना अडली. जोर लावला तर मणी तडकले, धागाही तुटला. सगळी रांग मांडीवर सांडली.

फुटके मणी घेऊन मी तडक दुकान गाठलं आणि लोक जमतील इतकं बोलले. तो म्हणाला, "बाई, मणी काय मी घरी बनवून राहिलो का?" मी एक मणी उजेडाकडं धरला, आतलं भोक दाखवायला. ते पांढऱ्या भुकटीनं बुजलं होतं. वाळलेली खळ सुतावरून झडून भोकात बसली होती.

मी मणी मुठीत झाकला. आवाज मात्र खाली आणला नाही. शेवटी कंटाळून त्यानं आणखी दोन लडी दिल्या, वर "आता येऊ नका" असंही म्हणाला.

घरी येऊन सगळे मणी कोमट पाण्यात धुतले. परातीत पसरून जाड, चपटे, तिरप्या भोकाचे काढून टाकले. बारीक सुई दोनदा पार होईल तेवढेच ठेवले. काचेच्या कडेनं सूत कापलं जात होतं, म्हणून भंडाऱ्याकडचा टसर रेशमाचा पिळदार धागा मिळवला. खळ नाही, मधमाश्यांचं मेण चोळलं आणि चिमटीत धरून गुळगुळीत केला. सुई आता अडेना.

पट्टा झाला तेव्हा जाऊबाईंनी तो ओसरीवर नेला. शेजारचे विणकर होतेच. मी दाराला चिकटून उभी. भासऱ्यांनी पट्टा उलटा केला, कडेवर नख फिरवलं, टोकं मुठींना गुंडाळली आणि ओढलं. मण्यांचा करकर आवाज आला. त्यांनी पुन्हा ओढलं, या वेळी दात आवळून. एकही मणी पडला नाही.

विणकरांतला एक म्हातारा हसून म्हणाला, "आता सोड गा, हात सोलतीन तुये."

भासऱ्यांनी पट्टा जाऊबाईंच्या हातात दिला. "तिले सांग, कांड्याची टोपली इकडं आणून ठेव." वीण चांगली झाली, हे काही ते बोलले नाहीत. पुढंही कधी बोलले नाहीत.

टोपली मीच ओसरीच्या उंबऱ्यापर्यंत सरकवली. मग खोलीत येऊन भिंतीला टेकले, पाय लांब केले. बाहेर जाऊबाई विचारत होत्या, आता कांड्या कोण भरणार. उत्तर मला द्यायचं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या दुपारी पहिल्यांदा मी काही न करता बसले, आणि बसल्या जागीच झोप लागली.