जनाबाय आणि ओला जिना

जनाबाय मासळी विकायला कुणाच्याही दारात आली की आधी उंबऱ्यात थांबून फरशीचा वास घ्यायची. फिनेलचा वास आला की पाटीवरचं फडकं काढायचीच नाही. "लादी सुकली का गो? नाय त मांजराला आदी कोंड, मंग मासली बग. त्याच्या पायाला लागलं ते पोटात गेलंच समज."

करंजाड्याच्या इमारतीत ती माझी शेजारीण. जन्म उरणच्या खाडीवर गेला, मुलाने फ्लॅट घेतला म्हणून इकडे आली. मी न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचो, म्हणून मला 'डायवर' म्हणायची. मी चौथीत शाळा सोडलेली, तिने शाळा पाहिलीच नव्हती. त्यामुळे भांडणात दोघांचंही खरंच असायचं आणि माघार कोणीच घ्यायचं नाही. घरात तिची मांजर होती, मांदेली. त्या नावाच्या मासळीसारखीच चकचकीत आणि चपळ.

पाटीतलं मासळीचं पाणी जिन्यावर ठिबकायचं. वास जावा म्हणून झाडूवाला नेमका तिथेच काळं फिनेल ओतायचा, पाण्यात न कालवता. आणि मासळीच्या वासाने मांजर नेमकं तिथेच जायचं.

गणपतीच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीबाईंकडे पाहुणे यायचे होते. जिना फिनेलने न्हाऊन निघाला. मांदेली तो तुडवून माझ्या दारात आली आणि पंजे चाटत बसली. बघता बघता तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या, मागचे पाय लटपटू लागले. मी जनाबायला हाक मारली. म्हटलं, "मिठाचं पाणी पाज, ओकून टाकेल. आमच्या लाइनीत हेच करतात."

"तुजी लाइन तुज्याकरं ठेव! गावाला बोक्याला आमी त्येच पाजलं. ओकता ओकता गेला त्यो." तिने मांदेलीला माझ्या नळाखाली धरलं आणि साबण लावून चारही पंजे धुतले. मांजराने तिचे हात ओरबाडून काढले, तिने सोडलं नाही. पंजे पुन्हा चाटू नये म्हणून पदरात घट्ट गुंडाळलं. "डायवर, बाटली घे ती. डाक्टरला दाखवाला पायजे." मी जिन्यात ठेवलेली फिनेलची बाटली घेतली, रिक्षा थांबवली.

पनवेलच्या डॉक्टरांनी बाटली वाचली, मांजर तपासलं. म्हणाले, "पाय धुतलेत आणि ओकवलं नाहीत, हे फार बरं केलंत. वर येतानाही ते भाजतं." मी चहा आणायला निघालो. मांदेलीला त्यांनी ठेवून घेतलं. जनाबाय दवाखान्याच्या पायरीवर बसली. मी आणलेला चहा तिच्या हातात गार झाला. "घरी चल," म्हटलं तर म्हणाली, "ती आत आन् मी घरी? तू जा." मांदेली वाचली, मगच ती उठली.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "आजी, तुमच्या माशांच्या वासामुळेच फिनेल लागतं." आता जुंपणार म्हणून सगळे सरसावून बसले. जनाबाय उभी राहिली. "वास माजाच हाय, खोटं कशाला बोलू? मंग जिना पन मीच धुनार, ऊन पान्यानं न साबनानं. तुमचं फिनेल तुमच्या संडासात, दार लावून." त्या दिवसापासून पाटीखाली पाणी झेलायला टोप आला, आणि गुडघ्यांनी साथ दिली तोवर जिना तिने कुणाला धुऊ दिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. सुतक फिटलं, तेव्हा घर धुवायला उरणहून बायका आल्या. एकीने पिशवीतून फिनेलची बाटली काढली. सासूच्या पाटीची जिला कायम लाज वाटायची, ती सून सुलभा रडून सुजलेल्या डोळ्यांनी पुढे झाली.

"मावशी, ती बंद करा. मांजर पलंगाखाली बसलंय, धड जेवलेलं नाही. बाहेर येईल ते याच लादीवरून."

"अगो, सुतकाचं घर हाय. धुवाला नको?"

"धुवायचंय. साबणाने धुवू."

मी माझ्या घरात गेलो आणि सगळ्यात मोठं पातेलं पाणी भरून गॅसवर चढवलं.